शुक्रवारचे अडीच तास कुणाचे?

आळेफाट्याच्या चौकात खासदारकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : "खासदारानं रस्ता आणावा, पूल आणावा. दिल्लीत खासगी विधेयकं मांडून आमच्या कांद्याला भाव येतो का?" हे वाक्य आता चौकापुरते राहिलेले नाही. सभेत त्याला टाळ्या पडतात. कायदा शिकलेली, चार पुस्तके वाचलेली माणसेही तेच आकडेवारीनिशी सांगतात आणि त्यांची आकडेवारी खरी असते. स्वातंत्र्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली खासगी सदस्यांची विधेयके आहेत अवघी १४. त्यांतले शेवटचे १९७० सालचे, सर्वोच्च न्यायालयाचा फौजदारी अपिलांचा अधिकार वाढवणारे. त्यानंतर अर्धशतक उलटून गेले, एकही नाही. तेव्हा हा सगळा खटाटोप म्हणजे वेळेचा अपव्यय, खासदाराने त्यात पडू नये आणि मतदाराने त्याचे कौतुक करू नये, असा या मंडळींचा निष्कर्ष आहे.

आकडा मला मान्य आहे, निष्कर्ष साफ अमान्य आहे. आणि पुणे-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या फाट्यावरच्या माणसांनीच हा निष्कर्ष उचलून धरावा याचे मला मनापासून वाईट वाटते. दिल्लीत झालेल्या निर्णयांची झळ ज्यांना सर्वांत आधी बसते, त्यांत हा पट्टा आहे. त्या निर्णयांवर बोलण्याची एक जागा आपण आपल्याच हाताने सोडून देत आहोत.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते नीट पाहिले पाहिजे. जो मंत्री नाही तो प्रत्येक खासदार संसदेच्या लेखी खासगी सदस्य असतो, मग तो विरोधी बाकावरचा असो की सत्ताधारी. सरकारी विधेयकामागे अख्खे मंत्रालय, विधी खाते आणि मंत्रिमंडळ उभे असते. खासगी सदस्याला मसुदा स्वतः तयार करावा किंवा करवून घ्यावा लागतो. उद्देश व कारणांचे निवेदन जोडावे लागते, सरकारी तिजोरीवर बोजा पडणार असेल तर त्याचा हिशेब द्यावा लागतो, महिनाभर आधी सूचना द्यावी लागते. लोकसभेत या कामासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखून ठेवलेले आहेत, साधारणपणे दुपारी साडेतीन ते सहा. एका शुक्रवारी विधेयके, दुसऱ्या शुक्रवारी ठराव. विधेयक मांडायला परवानगी बहुधा मिळते आणि ते काम मिनिटभरात उरकते. खरी कसोटी पुढे असते. मांडलेल्या शेकडो विधेयकांपैकी चर्चेला कोणते घ्यायचे, हे चिठ्ठ्या काढून ठरते. ज्याची चिठ्ठी निघेल तो सदस्य आपले विधेयक विचारात घ्यावे असा प्रस्ताव मांडतो, सविस्तर बोलतो, इतर पक्षांचे सदस्य बोलतात आणि अखेरीस संबंधित खात्याचा मंत्री उत्तर देतो. बहुतेक वेळा मंत्री विधेयक मागे घेण्याची विनंती करतो आणि सदस्य ते मागे घेतो.

टीका करणाऱ्यांना या शेवटच्या पायरीत सगळा फोलपणा दिसतो. ते तिच्या आधीची पायरी विसरतात. मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. शून्य प्रहरात खासदाराने कितीही पोटतिडकीने विषय मांडला तरी मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तराचे बंधन नसते. प्रश्नोत्तराच्या तासात उत्तर मिळते, पण ते विचारलेल्या प्रश्नापुरते. विधेयकावरच्या चर्चेत एक तयार मसुदा टेबलावर असतो. हे कलम का नको, याची कारणे सरकारला बोलून दाखवावी लागतात आणि ती कायमची नोंदली जातात. पुढच्या वर्षी, पुढच्या लोकसभेत, न्यायालयात, मोर्चात ती काढून दाखवता येतात. संसदेच्या आठवड्यात बाकी बहुतेक कामाचा क्रम सरकार ठरवते. विषय सरकारचा नाही आणि उत्तर मात्र सरकारने द्यायचे, असे हे अडीच तास आहेत.

मंजूर झालेल्या विधेयकांची संख्या हे या कामाचे माप नाही, हे आपल्याच मराठी माणसांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक होती ते पाहा. स्थानिक संस्थांना वाटले तर त्यांनी आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करावी, एवढेच. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांचे बहुमत असलेल्या सभागृहात पराभव होणार हे गोखल्यांना विधेयक मांडण्याआधीच ठाऊक होते. तरीही ते वर्षभर त्यासाठी झटले. सहाच वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि तोही विठ्ठलभाई पटेल या बिनसरकारी सभासदाने आणलेल्या विधेयकातून. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत यायला २००२ साल उजाडले आणि त्याची अंमलबजावणी करणारा कायदा २००९ साली झाला. आज आळ्याच्या, बेल्ह्याच्या, ओतूरच्या शाळेत बसलेल्या मुलाचा हक्क ज्या वाटेने आला, त्या वाटेवर १९१२ चा तो पराभव आहे. १३ मते पडली म्हणून गोखल्यांनी वेळ फुकट घालवला असे म्हणायची कुणाची तयारी आहे का?

ठरावांचीही तीच गोष्ट. सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात आणलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. ठरावाने चवदार तळे खुले झाले नाही, हे खरे. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसे तळ्याकडे निघाली, तेव्हा त्यांच्या पाठीशी कौन्सिलाचा तो ठराव होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने केलेला ठराव होता. आम्ही नवे काही मागत नाही, मंजूर झालेले वापरत आहोत, असे त्यांना सांगता आले.

बाबासाहेबांनी स्वतः हे साधन पुन्हा पुन्हा वापरले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. ते चिकित्सा समितीकडे गेले, तिथे त्याचे स्वरूप पातळ होत गेले आणि अखेर ते मागे घ्यावे लागले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. तेही सरकारने पुढे जाऊ दिले नाही. पण १० जानेवारी १९३८ रोजी कुळे मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आली, ती नुसत्या तक्रारी घेऊन आली नव्हती. त्यांच्या नेत्याने मांडलेला कायद्याचा मसुदा सभागृहात होता आणि तो मंजूर करा, ही त्यांची मागणी होती. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. एकाला १२ वर्षे लागली, दुसऱ्याला ३०. दोन्ही वेळा विधेयक पडले आणि मागणी जिंकली.

आणि प्रत्येक वेळी विधेयक पडलेच, असेही नाही. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख व्यवसायाने शल्यविशारद. मध्यवर्ती कायदे मंडळात ते मंत्री नव्हते की सरकारी सभासद नव्हते. त्यांच्या विधेयकातून १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला. हक्क अपुरा होता, हयातीपुरताच होता, शेतजमिनीचा प्रश्न तर बाजूलाच राहिला. तरी नवऱ्याच्या मागे विधवेला मुलाइतका वाटा मिळण्याची तरतूद त्याने कायद्याच्या पुस्तकात आणली. घरोघरच्या विधवांना 'पोटापुरते' म्हणून कोपऱ्यात बसवणाऱ्या समाजाला एका डॉक्टरने हे करायला लावले. या कायद्याला लोक कितीतरी वर्षे देशमुख कायदा म्हणूनच ओळखत.

"ते सगळे पारतंत्र्यातले, तेव्हाचे पुढारी वेगळे," असे यावर म्हटले जाते. मग स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण घेऊ, आणि ते १९७० च्या त्या रेषेला अगदी लागून आहे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निर्णय दिला, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. सरकार विचारात पडले होते. एप्रिलमध्येच राजापूरचे खासदार नाथ पै यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक लोकसभेत आणले. ते प्रजासमाजवादी पक्षाचे. सभागृहात त्यांच्या पक्षाचे मूठभर सदस्य. पण विषय इतका मोठा आणि मांडणी इतकी अभ्यासू होती, की विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तिथे त्यावर कायदेपंडितांच्या साक्षी झाल्या आणि देशभर त्यावर वाद झडले. त्या काळात लोकसभेचे उपाध्यक्ष होते रघुनाथ केशव खाडिलकर, खेड लोकसभा मतदारसंघातून निवडून गेलेले. २००९ मध्ये शिरूर हे नाव येईपर्यंत जुन्नर-आंबेगाव ज्या मतदारसंघात मोडत होते, तो हाच खेड. नाथ पैंचे विधेयक मंजूर झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली आणि तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता. नाथ पैंचा आग्रह बरोबर होता का, यावर आजही दुमत होऊ शकते. संसदेला एवढा मोकळा हात द्यावा का, याचे उत्तर पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने मर्यादा घालून दिले. पण कोकणातला एक खासदार, हाती सत्ता नसताना, देशाच्या घटनेवरील सर्वांत मोठ्या वादाचा मसुदा लिहू शकला. आपल्या १४ च्या यादीत या कामाला स्थान नाही. जी मोजणी नाथ पैंना शून्य गुण देते, ती मोजणीच सदोष आहे.

१९७० नंतर मात्र काहीच घडले नाही का? २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक मंजूर केले. लोकसभेत ते पार झाले नाही, परंतु सरकारला स्वतःचे विधेयक आणावेच लागले आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तो शिवांच्या मसुद्याहून कमजोर आहे, अशी त्या समाजाची तक्रार आहे. ती तक्रार करता येते, कारण तुलनेला शिवांचा मसुदा आहे. आपल्याकडचे उदाहरण राजू शेट्टी यांचे. ३ ऑगस्ट २०१८ रोजी, शुक्रवारीच, हातकणंगल्याच्या या खासदाराने लोकसभेत दोन विधेयके मांडली, एक शेतमालाला हमीभावाचा हक्क देणारे आणि दुसरे शेतकऱ्याला कर्जमुक्तीचा हक्क देणारे. त्यांच्यामागे देशभरच्या शेतकरी संघटनांनी एकत्र बसून केलेले काम होते. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयके आपोआप बाद झाली आणि शेट्टी निवडणूकही हरले. पण पुढे दिल्लीच्या सीमांवर शेतकरी वर्षभर बसले, तेव्हा हमीभावाचा कायदा म्हणजे नक्की काय, या प्रश्नाला लेखी उत्तर आधीच तयार होते.

विरोधकांचा सर्वांत जोरकस आकडा खरे तर दुसराच आहे आणि तो मी त्यांच्या वतीने मांडतो. १७ व्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात, ७२९ खासगी विधेयके मांडली गेली. चर्चा झाली दोनांवर. याचा अर्थ हत्यार बोथट आहे असा ते लावतात. मी असा लावतो, की हत्यार म्यानातून काढूच दिले जात नाही. शुक्रवारची दुपार गोंधळात जाते, तहकुबीत जाते, सरकारी कामाला वेळ हवा म्हणून पुढे ढकलली जाते. लोकसभेच्या उपाध्यक्षाचे पद या कामाशी परंपरेने जोडलेले आहे. खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठीच्या समितीचे अध्यक्षपद उपाध्यक्षाकडे असते. घटनेच्या ९३ व्या कलमाप्रमाणे उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडायचा असतो. १७ व्या लोकसभेत पूर्ण पाच वर्षांत तो निवडलाच गेला नाही. ज्या खुर्चीवर आपल्या भागाचा माणूस बसला होता, ती रिकामी राहिली आणि त्याबद्दल आपण एक निवेदनसुद्धा दिले नाही.

दोष सरकारचा आहे तसा सर्व पक्षांच्या खासदारांचाही आहे. सभागृहात एक दशांश सदस्य हजर नसले तर कामकाज चालत नाही. ५४३ च्या सभागृहात ५५ माणसे, तीही शुक्रवारी दुपारी भरणे कठीण जाते, कारण गुरुवारी रात्रीच बरेच जण मतदारसंघाकडे निघालेले असतात. का निघतात? आपण बोलावतो म्हणून. शुक्रवारी साखरपुडा, शनिवारी दशक्रिया, रविवारी सप्ताहाची सांगता आणि दोन लग्ने. खासदार आले नाहीत तर "आता मोठे झाले, विसरले" असे आपणच म्हणतो. नदीकाठी दशक्रियेच्या मांडवात पाच मिनिटे माईक हातात घेऊन श्रद्धांजली वाहणारा खासदार आपल्याला आपला वाटतो. त्याच वेळी लोकसभेत कांद्यावरच्या चर्चेला कोरम कमी पडला, तर ते आपल्या कानावरही येत नाही.

आता निधीचा मुद्दा. खासदाराने रस्ता आणावा, हे ऐकायला रास्त वाटते. आळेफाट्याच्या चौकात वाहनांच्या रांगेत अडकलेला माणूस दुसरे काय म्हणणार? पण महामार्ग बांधणे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे काम, त्याचा आग्रह खासदाराने जरूर धरावा. त्याला मिळणारा स्थानिक विकासाचा निधी वर्षाला पाच कोटींचा, तो सहा विधानसभा मतदारसंघांत वाटला की गावाच्या वाट्याला येतो एखादा सभामंडप, एखादा पेव्हर ब्लॉकचा तुकडा. आणि गेल्या पंधरा वर्षांत या पट्ट्याला जे मोठे तडाखे बसले, त्यांतला कोणता रस्ता नसल्यामुळे बसला, ते एकदा आठवून पाहावे.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांना खेळांसाठी शिकवता व दाखवता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. तेवढ्या एका अधिसूचनेने जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक यात्रेतला बैलगाड्याचा घाट अडचणीत आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी पक्की केली. पुढे राज्याचा २०१७ चा कायदा, १६ डिसेंबर २०२१ ची अंतरिम परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, असा एक तपाचा प्रवास झाला, तेव्हा कुठे बारी पुन्हा बिनघोर सुटू लागली. शिवाजीराव आढळराव आणि डॉ. अमोल कोल्हे या शिरूरच्या दोन्ही खासदारांनी हा विषय लोकसभेत लावून धरला. अखेर तोडगा राज्य सरकारच्या कायद्यातून आणि न्यायालयातून निघाला, खासगी विधेयकातून नाही, हे मला मान्यच आहे. पण मूळ बदल सभागृहात कुणाला एक शब्द न विचारता झाला होता. बैलाला होणाऱ्या यातनांबद्दल बोलणारेही या देशाचे नागरिक आहेत, आणि बैल सांभाळणारेही. दोघांचे म्हणणे समोरासमोर ऐकण्याची जागा संसद होती आणि तिथे ते २०११ मध्ये ऐकले गेले नाही.

बिबट्याचे तसेच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. आपल्या उसात आलेला बिबट्या पकडायचा की नाही, याची परवानगी नागपूरला बसणाऱ्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते आणि पकडलेला माणिकडोहच्या केंद्रात जातो. १९७२ चा कायदा करताना बिबट्या उसात जन्मेल, तिथेच वाढेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. कुकडीच्या पाण्याने इथले शिवार बदलले, कायद्याला मात्र जंगलातलाच बिबट्या माहीत आहे. हे त्याला कोण सांगणार?

आणि कांदा. शुक्रवार हा आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याच्या लिलावाचा एक वार. गोणी फोडून कांदा पसरला जातो, व्यापारी हातात घेऊन पत्ती पाहतो, मान दाबून पाहतो, आणि दहा किलोचा भाव पुकारला जातो. शेतकरी बाजूला उभा असतो. त्याच्या डोक्यात बियाणे, लागणीची मजुरी, काढणी, वाहतूक, हमाली, तोलाई यांची बेरीज चालू असते. ८ डिसेंबर २०२३ हा असाच शुक्रवार होता. आदल्या दिवशी परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली होती आणि त्या शुक्रवारपासून कांद्याची निर्यात बंद झाली. बाजारात भाव कोसळले. त्या दिवशी संसदेचे हिवाळी अधिवेशन चालू होते. निर्यातबंदीचा निर्णय आधी सभागृहात आणावा, असे सरकारवर कोणतेही बंधन नव्हते. ११ दिवसांनी, १९ डिसेंबरला, आपले खासदार डॉ. कोल्हे आणि बारामतीच्या सुप्रिया सुळे यांना लोकसभेतून निलंबित केले गेले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून निलंबित झालेल्यांची संख्या १४६ झाली. २७ डिसेंबरला शिवनेरीच्या पायथ्यापासून शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, निवडणूक ऐन रंगात असताना. तोवर लाल कांदा मातीमोल विकून झाला होता. हा तडाखा सभामंडपाने अडला असता का, चौपदरी रस्त्याने अडला असता का?

ही बंदी घालण्याचा अधिकार सरकारला १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मिळतो. अशा आदेशाचा कागद संसदेच्या पटलावर ठेवला जातो, पण पटलावर ठेवणे आणि चर्चा होणे यांत फार अंतर आहे. त्या कलमाला दोन पोटकलमांची जोड द्यायची. शेतमालाच्या निर्यातीवर बंदी घालणारा आदेश अधिवेशन चालू असेल तर सात दिवसांत आणि नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीसाठी सभागृहापुढे आणावा. मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपावा. विधेयक दोन पानांचे होईल. हमीभावाच्या विधेयकाला जी अडचण येते ती इथे येत नाही. ज्या विधेयकाने सरकारी तिजोरीतून खर्च होणार, ते विचारात घेण्यासाठी घटनेच्या ११७ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजेच सरकारची संमती लागते. निर्यातशुल्कही करात मोडत असल्याने ती वाट अवघड. निर्यातबंदीला मात्र तिजोरीतून एक रुपया जात नाही. हे विधेयक खासदार उद्या मांडू शकतो. मंजूर होईल असे मी म्हणत नाही. पण चिठ्ठी निघाली तर वाणिज्य मंत्र्याला उभे राहून सांगावे लागेल, की शेतकऱ्याचा माल अडवण्याआधी संसदेला विचारायला सरकारची हरकत काय आहे. ते उत्तर मला ऐकायचे आहे, आणि लासलगावपासून आळेफाट्यापर्यंतच्या प्रत्येक कांदा उत्पादकाने ते ऐकावे असे मला वाटते.

राहिला प्रसिद्धीचा आक्षेप. विधेयक मांडले की छायाचित्र, बातमी, समाजमाध्यमांवर अभिनंदन, आणि नंतर वर्षानुवर्षे त्याचे नाव नाही, असे घडते. अशा खासदारांवर टीका अवश्य करावी. आपल्या वर्तमानपत्रांनीही 'विधेयक मांडले' आणि 'कायदा होणार' यांत फरक करायला शिकावे. पण कुणी हत्यार मिरवण्यासाठी वापरतो म्हणून ते मोडून टाकणे हा उपाय नव्हे. ब्रिटनमध्येही खासगी विधेयके शुक्रवारीच येतात, तिथेही बहुतेक पडतात, तिथेही मिरवणारे आहेत. तरीही खुनासाठीची फाशीची शिक्षा संपवणारा १९६५ चा कायदा सिडनी सिल्व्हरमन यांच्या आणि गर्भपाताला परवानगी देणारा १९६७ चा कायदा डेव्हिड स्टील यांच्या खासगी विधेयकातूनच आला, कारण सरकारने सभागृहाला वेळ दिला आणि पक्षांनी सदस्यांना मोकळे सोडले. वेळ आणि मोकळीक, आपल्याकडे कमी पडते ते हे.

म्हणून माझी विनंती फाट्यावर बोलणाऱ्या, सभेत टाळ्या वाजवणाऱ्या आणि स्तंभ लिहिणाऱ्या सर्वांना आहे. पुढच्या अधिवेशनाआधी बाजार समितीने, शेतकरी संघटनांनी, जुन्नर-आंबेगावच्या वकिलांनी एकत्र बसून ते दोन पानांचे विधेयक लिहून खासदारांच्या हाती द्यावे. पक्ष कोणताही असो. लोकसभेचा उपाध्यक्ष का निवडला जात नाही, हे त्यांना लेखी विचारावे. अधिवेशन संपून ते परत आले की किती निधी आणला याच्या जोडीला हेही विचारावे, की किती शुक्रवारी आपण शेवटपर्यंत बसलात आणि कोणत्या विधेयकावर बोललात. आणि अधिवेशन चालू असताना शुक्रवारच्या साखरपुड्याचे, उद्घाटनाचे, दशक्रियेचे निमंत्रण त्यांना देऊ नये.